तळवा दिसेना असं पाणी

माझ्या बापाने मला फसवलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलं नाही, बायकोपुढेसुद्धा नाही. ती म्हणायची, मामंजी म्हणजे देवमाणूस. असतील. सगळ्या गावाला तो देवमाणूसच वाटायचा, आणि मीही त्याच्या पाया पडूनच घराबाहेर पडायचो. पण देवमाणसालाही केसाने गळा कापता येतो, आणि ज्याचा कापला जातो त्याला सहा-सहा महिने पत्ता लागत नाही. मला नाही लागला. ते सहा महिने मी पाणी तपासत बसलो होतो.

गोष्ट कोलशेतची. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. आमचं आगरी घर खाडीच्या बांधाला लागून. बांधाबाहेर चिखल आणि मिठागरं, आत भाताची खाचरं, आणि घराच्या मागे एक तळं. या काठावरून साद घातली तर त्या काठावरच्याला सहज ऐकू जाईल, एवढंच. तळ्यातून एक चर बांधापर्यंत गेलेला आणि तिथे बांधात उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. पण उधाणाला फळ्यांच्या फटींतून थोडं पाणी यायचंच, आणि त्याच्याबरोबर यायचं बोटभर जिताड्याचं पिल्लू.

बाजारात जिताडा म्हणतात, आमच्या घरात जितारा. हा खाडीचा मासा गोड्या पाण्यातही मजेत राहतो, आणि पाण्यात दुसरं जे काही हलतं ते खाऊन वाढतो. आमच्याकडे तो नुसता खायचा मासा नव्हता. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल त्याच्या दारात जिताडा जायचा. कधी वकिलाच्या, कधी मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या. तोही अख्खा, शेपटीसकट, एक खवला न निघालेला. खवला निघालेला दिला तर समोरच्याचा अपमान. माझ्या दोन बहिणींची लग्नं जुळवताना बापूसने दोन जिताडे पाठवले होते आणि ते तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्यात बापाला अरेतुरेच करतात. अहोजाहो मी शाळेत शिकलो. ठाण्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेला आमच्या घरातला मी पहिला. बापूसची सगळी हयात मिठागरात गेली. मिठाने त्याच्या तळपायांना अशा चिरा पडल्या होत्या की आई त्यात कोमट खोबरेल भरायची तेव्हा तो दात खाऊन बसायचा, पण हूं की चूं करायचा नाही. आपल्या पोराने मिठागरात पाय ठेवायचा नाही हे त्याने मी रांगत होतो तेव्हाच ठरवलेलं. मग पोराने करायचं काय, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. तेवढ्यात आमच्या शिवारापलीकडे एका कारखान्याचं बांधकाम निघालं आणि बापूसच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: पायात बूट घातलेला मी, डोक्यावर छप्पर, आणि खाली कोरडी फरशी.

माझ्या डोळ्यांपुढे तळं होतं. ठाण्यात सरकारी मासळी खात्याच्या एका साहेबांचं व्याख्यान झालं, ते ऐकायला मी गेलेलो. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा माणूस. कटला, रोहू, मृगळ ही बंगालकडच्या माशांची नावं तो भाच्यांची नावं घ्यावीत तशी घेत होता. शेवाळ खाणारे, तळाचा गाळ खाणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे मासे. तळं आधी नीट तपासून, तयार करून सोडले तर वर्षाच्या आत हातभर होतात, असं त्यांनी सांगितलं. बाकीचे माना डोलवून घरी गेले. मी त्यांच्या मागोमाग कचेरीत गेलो आणि प्रश्न विचारून विचारून त्यांचा जीव खाल्ला. त्यांनाही बरं वाटलं असावं. निघताना त्यांनी मला लिटमसच्या कागदांची एक पुडी दिली.

बापूसला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मासा सोरायचा? तल्यात मासा काय सोरायचा असतो? तो येतो!"

"येतो तो बाकीच्यांना खाणारा येतो, बाबा. मला न खाणारे पाहिजेत."

"न खानारा मासा!" तो आईला म्हणाला. "आयकलंस का गो? तुज्या पोराला बामनाचा मासा पायजे."

चार दिवस घरात धुसफूस चालली. मी कारखान्याच्या भरतीचा अर्ज लिहायला तयार नव्हतो आणि तो दुसरं काही बोलायला तयार नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी तो अंगणात जाळं विणत बसलेला, मला हाक मारली.

"एक पावसाला देतो तुला," तो म्हणाला. "भात कापल्यावर जालं टाकू. मासा उभा केलास तर तलं तुजं, कारखान्याचं नाव कारनार नाय. नाय जमलं तर मी सांगन तिथं कामाला जायाचं. कबूल?"

"कबूल."

"आनि मधी मी हात घालनार नाय."

हे शेवटचं तो आपणहून बोलला. मी मागितलं नव्हतं. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, त्या चिरा माझ्या कपाळाला टोचल्या, आणि मला वाटलं, जगात आपल्याएवढा नशीबवान पोरगा नसेल. हो, हो, मूर्खच मी! पण तेव्हा तसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

वैशाखात तळं आटलं. मधल्या खोलगट भागात गुडघाभर पाणी राहिलं, बाकीचा गाळ मी टोपल्यांनी काढून खाचरात टाकला. मग तपासणी सुरू. तळाची ओली माती मुठीत दाबून गोळा करायचा, वर उडवायचा, झेलायचा. गोळा फुटला नाही तर तळं पाणी धरतं. मी चारही कोपऱ्यांत गोळे झेलत फिरलो. बांधावरून जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, शिकून येडा झाला म्हणून. माती पाण्यात कालवून लिटमसचा निळा कागद बुडवला तर तो लालसर झाला. म्हणजे माती आंबट. तिला चुना पाहिजे. चुना विकत कशाला आणायचा, खाडीकाठी शिंपल्यांना काय तोटा? मी शिंपले भाजले, विरवले, आणि चुना तळभर पसरला. हातांची सालं निघाली. आई रोज रात्री भाकरी मोडून द्यायची, कारण मला बोटं मिटता येत नव्हती.

यात बापूस मदत करत होता बरं का. हेच तर मला आजही गिळता येत नाही. चुना भाजायला लाकडं त्याने आणली. मिठागरातून आला की पाय धुवायच्या आधी तळ्यावर यायचा, कागद कुठल्या रंगाचा झाला विचारायचा. लाल गेला, निळा राहिला, त्या दिवशी मी कागद नाचवत घरात शिरलो तर त्याने माझ्या हातातून घेतला आणि देवाच्या फोटोखाली ठेवला.

मग राहिले ते खोलगट पाण्यातले जुने मासे. मरळ, शिंगटी आणि जिताडा. हे तिघे राहिले तर नवं पिल्लू एक उरणार नाही, असं साहेबांनी मला तीनदा बजावलं होतं. त्यावर उपाय मोहाच्या पेंडीचा. पेंड रात्रभर भिजवून पाण्यात कालवली की माशांना गुंगी येते, ते वर तरंगतात, माणसाला खायला चालतात, आणि पेंड पुढे कुजून खत होते. त्या सकाळी सगळा पाडा टोपल्या घेऊन लोटला. मरळी वर आल्या, शिंगट्या आल्या. आणि शेवटी पांढरं पोट दाखवत एक जिताडा आला, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

तो दिसल्याबरोबर बापूस धोतर खोचून पाण्यात उतरला. "याला कुनी हात लावायचा नाय. हा मी नेतो." त्याने तो दोन्ही हातांत तान्ह्या पोरासारखा उचलला, चांगल्या पाण्याने भरलेल्या हंड्यात घातला आणि घराकडे चालू पडला. लोक हसले. म्हातारा जिताऱ्यासाठी जीव देईल, म्हणाले. मीही हसलो.

दुपारी पानात कालवण आलं. मी पहिला तुकडा तोंडात घातला आणि थांबलो. आगऱ्याच्या घरात जन्मलेल्याला डोळे बांधून मासा भरवा, तो नाव सांगेल. हा जिताडा नव्हता. ही मरळ होती.

"आये, हा जितारा?"

"मंग कोन?" आई चुलीकडे तोंड करूनच बोलली.

"मरळीसारखा लागतो."

"मोहाची पेंड प्यायलेला हाय तो. चव बदलनारच. खा गुपचूप."

मी बापूसकडे पाहिलं. तो मान खाली घालून काटे काढत होता. माझ्या जिभेला कळलं होतं, पण आईच्या शब्दापुढे मी जिभेला गप्प बसवलं. दुसरा भातही घेतला.

पाऊस लागला. पहिलं पाणी मातीतला खार घेऊन मचूळ झालं, ते मी उघाडीतून खाडीत सोडून दिलं. दुसऱ्यांदा भरलं, तेही सोडलं. पाणी वाया घालवतो म्हणून शेजारी कुरकुरले. तिसऱ्या खेपेला बापूसने ओंजळीत घेऊन चव पाहिली, थुंकला, पुन्हा पाहिली आणि म्हणाला, "गोर झालं." मिठागरवाल्याच्या जिभेपुढे कुठला कागद लागतो? मी उघाडीच्या फटी शेणामातीने लिंपल्या, आतून बारीक जाळी ठोकली, आणि तळ्यात ठरल्या मापाने शेण टाकायला लागलो.

शेणाने पाणी हळूहळू हिरवट होतं. डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव त्यात वाढतात आणि पिल्लं ते खातात. पाणी तयार झालं की नाही हे पाहायची एक साधी रीत साहेबांनी शिकवली होती. काठावर ओणवं व्हायचं, तळवा वर करून हात पाण्यात कोपरापर्यंत घालायचा. तळवा स्वच्छ दिसला तर पाणी उपाशी आहे. मनगट बुडतंय तोच दिसेनासा झाला तर शेण जास्त झालं, पाणी नासेल. कोपर बुडता बुडता दिसेना, तर पाणी तयार. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी हात घालायचो. पहिले दिवस तळव्यावरच्या रेषा मोजता येत होत्या. मग रेषा गेल्या. मग नुसता पांढरट ठिपका. एके दिवशी बापूस शेजारी ओणवा झाला, त्याने आपला काळा, फुटलेला हात घातला आणि म्हणाला, "तलवा दिसत नाय, पोरा. झालं तुजं पानी."

तरी मी घाई केली नाही. वेताच्या करंडीला फडकं शिवलं, तिच्यात खाचरातले बारीक मासे घातले आणि करंडी तळ्यात चार दिवस बुडवून ठेवली. पेंडीचं विष राहिलं असेल तर हे आधी मरतील. एक मेला नाही. मग या काठापासून त्या काठापर्यंत दोनदा जाळं ओढलं. बेडूक आणि शेवाळ, बाकी काही नाही. तळं निर्मळ होतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, त्या संध्याकाळी माझं तळं निर्मळ होतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणला कलकत्त्याच्या गाडीने मत्स्यबीज यायचं होतं. साहेबांनी आमच्या नावाच्या दोन हंड्या सांगून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, बाबा, चल बरोबर.

"नको," तो म्हणाला. "तू जा. तल्यावर कुनी नको काय? बगला येतील, पोरं येतील. मी राखन बसतो."

हात घालणार नाही म्हणणारा माणूस राखण बसतो म्हणाला, म्हणजे तळं त्याने मनातून मान्य केलं, असा मी अर्थ लावला. कपाळ माझं!

कल्याणला हंड्या मिळाल्या. आत जिऱ्याएवढी पिल्लं, डोळे तेवढे काळे. पाण्यात हवा राहावी म्हणून ते हाताने सतत हलवत राहावं लागतं. हात थांबला की पिल्लं गुदमरली. मी होडीने यायचं ठरवलं, ओहोटी धरून कल्याणहून थेट कोलशेत. होडीवाला ओळखीचा. तो वल्हं मारत होता आणि मी दोन हंड्यांच्या मध्ये उकिडवा बसून एक हात या हंडीत, एक त्या हंडीत. डोंबिवलीच्या बाजूचा किनारा गेला, मुंब्र्याचा डोंगर गेला, मी मान वर केली नाही. खाडीचं पाणी उडून आत पडू नये म्हणून हंड्यांवर अंगातला सदरा ओढलेला. खांदे भरून आले. होडीवाला म्हणाला, अरे, बायकोच्या बाळंतपणात तरी एवढं करशील का? मी म्हटलं, आधी बायको तर येऊ दे!

तळ्यावर पोचलो तेव्हा बापूस काठावर बसलेला. धोतर कमरेपर्यंत ओलं.

"पाण्यात उतरलेलास?"

"बगला हाकलत व्हतो."

हंड्या पाण्यावर तरंगत्या ठेवल्या, तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घातलं, पिल्लांना सवय झाल्यावर हंड्या कलत्या केल्या. ती आपण होऊन बाहेर गेली, आणि हिरव्या पाण्यात लगेच दिसेनाशी झाली. आईने नारळ फोडला. बापूसने खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला.

श्रावण-भादवा सुखात गेला. मी रोज त्याच कोपऱ्यात तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड टाकायचो, आणि बोटभर झालेली पिल्लं वर येऊन पाणी उकळल्यासारखं करायची. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना मी तळं दाखवत होतो, मी नवरदेव असल्यासारखा. मग दसऱ्याच्या सुमाराला वर येणारी तोंडं कमी झाली. दिवाळीला आणखी कमी. कोंडा तसाच तरंगत राहायचा.

मी पुन्हा तपासायला लागलो. कागद बुडवला, निळाच. चव घेतली, गोडी. हात घातला, तळवा बरोबर कोपराशी दिसेनासा. सगळं जसं पाहिजे तसं, आणि मासे नाहीत! एकदा भल्या सकाळी मधोमध थाप मारल्यासारखा आवाज झाला आणि मोठी लाट काठाला आली. मी घरात धावलो. बापूस म्हणाला, "बेरूक असंल." बेडूक! एवढ्या लाटेचा? पण त्याचा चेहरा शांत होता, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला.

ठाण्याला जाऊन साहेबांपुढे बसलो. त्यांनी बाटलीतलं पाणी उजेडात धरून पाहिलं. म्हणाले, "पाण्यात काही दोष नाही. तळ्यात कुणीतरी आहे."

"नाही साहेब. मी स्वतः सगळे काढलेत."

"मग नंतर शिरला असेल. किंवा कुणी सोडला असेल."

मी चिडलोच. "साहेब, तळ्यावर माझा बाप राखण करतो!" असं म्हणून मी तावातावाने उठलो. ते चष्मा पुसत राहिले. त्या भल्या माणसाशी मी पुन्हा कधी धड बोललो नाही, आधी रागाने आणि मग लाजेने.

तरी घरी येऊन म्हटलं, बाबा, एकदा जाळं ओढून बघू. तो म्हणाला, "आता ओरशील तर बारीक मासा दबून मरंल. भात कापेपर्यंत दम धर." हे खरंच होतं, म्हणून तर मी ऐकलं. खोटं बोलला असता तर पकडलं असतं. मी रोज काठावर ओणवा होऊन त्या पाण्यात हात घालत राहिलो. चुकलं कुठे? चुना जास्त झाला? शेण कमी पडलं? माझाच हात वाईट, असंही वाटायला लागलं. मी जेवेनासा झालो. आई बघत होती. बापूस बघत होता. एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "सोर रे. पानी कुनाच्या बापाचं नसतं."

मार्गशीर्षात भात घरात आलं आणि जाळं टाकलं. चार जण एका बाजूला, चार जण दुसऱ्या, पाडा काठावर. मी पाण्यात छातीपर्यंत. जाळं उथळाकडे आलं तसं ते जड लागायला लागलं. आहेत! मासे आहेत! मग जाळ्यात एकच मोठी उसळी बसली, जाळं धरलेल्या दोन गड्यांना पाडून गेली, आणि सगळ्यांना दिसला तो. कमरेएवढा उंच उडालेला, चांदीसारखा, मांडीएवढा जाड जिताडा. बाकी जाळ्यात मोजून अकरा रोहू, टीचभर.

आणि काठावरून बापूस ओरडला, "संबालून! खवला निगल त्याचा!"

मी वळून पाहिलं. त्याच्या हातात गोणपाट होतं. ओलं. पिळून, घडी घालून, तयार. शेजारी केळीची पानं पसरलेली मोठी पाटी. अकरा रोहूंसाठी कुणी ओलं गोणपाट आणत नाही. या तळ्यातून आज काय निघणार आहे, हे सगळ्या पाड्यात एकट्या त्याला माहीत होतं.

बायका "अगो बाय, केवरा रे हा!" म्हणत होत्या, आणि माझ्या जिभेवर सहा-सात महिन्यांपूर्वीची मरळ आली, चवीसकट. मी आईकडे पाहिलं. तिने पदर डोळ्यांना लावला. घरी गेल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. गुंगीतला जिताडा चांगल्या पाण्यात शुद्धीवर आला. आत्याच्या घरामागच्या खड्ड्यात दोन महिने ठेवला. आणि मी कल्याणला हंड्यांत हात घालून बसलो होतो त्या दुपारी बापूसने तो आणून परत सोडला.

"तू म्हणालेलास हात घालणार नाही!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडलो. "मला सांगायचंस, नाही देत तळं! सरळ सांगायचंस! राखण बसतो म्हणालास रे तू!"

तो उंबऱ्यावर बसलेला, जिताड्यावरचं गोणपाट भिजवत. वर न बघता म्हणाला, "तलं माजं. जितारा माजा. पोर पन माजा. तिगांचं मलाच बघायला लागनार."

"आणि माझे मासे?"

"कारखान्याच्या भरतीच्या सायबाला लहान जितारा देऊन चालत नाय."

म्हणजे मला पावसाळा दिला तेव्हाच हे ठरलेलं. माझ्यासाठी नव्हता तो पावसाळा, जिताड्यासाठी होता. मी चुना भाजला, शेण टाकलं, पाणी गोड केलं, कोंडा घातला, कलकत्त्याहून खाणं मागवलं, ते सगळं त्याच्या जेवणाचं ताट मांडण्यासाठी. आणि पाणी इतकं चांगलं तयार केलं की आत काय फिरतंय ते मलाच दिसू नये.

बापूस पुढे पंधरा वर्षं जगला. मी त्याला दवाखान्यात नेलं, खांद्यावर घेतलं, त्याच्या पायांच्या चिरांत खोबरेल भरलं. त्याने कधी विषय काढला नाही आणि मीही नाही. एकदाच, शेवटच्या दुखण्यात, माझ्या पायांतल्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कोरडं असतं ना रे तिथं?" मी म्हटलं, हो, कोरडं असतं. खरंच होतं ते. माझे तळपाय आजही मऊ आहेत.

पण त्या दिवशीचं राहिलं. संध्याकाळच्या आत आम्ही भरतीच्या साहेबाच्या बंगल्यावर गेलो. मी जाणार नाही म्हटलं असतं तर? म्हटलं नाही. शब्द दिला होता, आणि आमच्या दोघांत निदान एकाने तरी तो पाळायचा, असा माझा ताठा. पाटी माझ्या डोक्यावर होती. साहेब बाहेर आला, गोणपाट बाजूला केलं, आणि त्याचे डोळे विस्फारले. अख्खा मासा, शेपटीसकट, एक खवला निघालेला नाही.

"वा!" तो म्हणाला. "काय खायला घालता हो याला, एवढा वाढतो?"

बापूसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज भरून आला होता त्याचा, खोटा नव्हता, शपथेवर सांगतो. माझ्या जन्मात पहिल्यांदा तो परक्या माणसापुढे माझं कौतुक करत होता.

"माज्या पोरानं वारवलाय, सायब," तो म्हणाला. "घरचंच खाल्लंय त्यानं."

साहेबाने माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी मी कामावर हजर झालो.